ग्रिम्सबी कुठं आलं रे?

प्रश्न : सर, नमस्कार. मी २६ वर्षांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेबाला आहे. शाळेत असल्यापासून मँचेस्टर युनायटेडचा. २०२५ साली २७ ऑगस्टला गणपती बसले आणि त्याच रात्री साडेबाराला इंग्लंडच्या लीग कपात आमची ग्रिम्सबी टाउनशी मॅच होती. ग्रिम्सबी म्हणजे चौथ्या डिव्हिजनची टीम. बाहेरच्या खोलीत गणपती, समईला तेल घालायचं म्हणून आज्जी तिथंच आडवी झालेली. मी स्वयंपाकघरात मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून, कानात इअरफोन घालून, तळणीचे मोदक घेऊन बसलो. तिसाव्या मिनिटालाच ०-२. मग ७५व्या मिनिटाला आमच्या एम्बुमोचा गोल, ८९व्याला मॅग्वायरचा, २-२. मग पेनल्ट्या, त्या संपता संपेनात. पावणेतीनच्या सुमाराला एम्बुमोचा बॉल आडव्या दांड्यावर आदळला, १२-११ नं हरलो, आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की आज्जी "समई इझली का रे?" म्हणत उठून बसली.

सकाळी मी आरतीला उठलो नाही. अण्णांनी (वडील) विचारलं तर म्हटलं, आम्ही हरलो. ते म्हणाले, "आम्ही म्हणजे कोण? ग्रिम्सबी कुठं आलं रे? तिथं आपलं कोण राहतंय?" आणि जे हसले ते महालक्ष्म्यांना आत्या जेवायला आली तरी हसतच होते. येईल त्या पाहुण्याला तेच सांगायचे, वर माझी ओरडायची नक्कल. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंही नसेल, कारण रात्री जेवण झालं की ते मंडळाच्या लेझीमला. सर, मी येडा आहे का? ग्रिम्सबीनं नियमात न बसणारा खेळाडू खेळवला म्हणून त्यांना नंतर दंड झाला, मग मॅच आम्हाला का दिली नाही? मित्र म्हणतात टीम बदल. बदलू का?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी कबुली देतो, म्हणजे नंतर पक्षपाताचा आरोप नको. मला तुझी युनायटेड आवडत नाही. कारण २६ मे १९९९.

त्या रात्री बार्सिलोनाला चॅम्पियन्स लीगची फायनल होती, युनायटेड विरुद्ध बायर्न म्युनिक. मी बायर्नकडून, तेही लोथार मॅथॉयससाठी. ३८ वर्षांचा माणूस, सगळं जिंकून झालेलं, एवढा एकच कप राहिलेला. सहाव्या मिनिटाला बास्लरनं फ्री किकवर गोल केला. ८०व्या मिनिटाला मॅथॉयसला बाहेर घेतलं, तरी १-० च होतं. सोलापूरचा मे महिना तुला माहीतच आहे. बायको गॅलरीच्या दारात गार फरशीवर झोपलेली, टीव्हीचा उजेड तिच्या तोंडावर. घड्याळात ९० मिनिटं झाली, वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून तीनच मिनिटं राहिली, मी टीव्ही बंद केला आणि जिंकून झोपलो.

मी पीटीचा मास्तर, सकाळी पार्क मैदानावर उन्हाळी शिबिर. बेकहॅमसारखे केस वाढवलेलं एक पोरगं लांबूनच ओरडत आलं, "सर, शेवटच्या तीन मिनिटांत दोन!" शेरिंगहॅम आणि सोल्स्कियार, दोघांची नावं त्यानं मला तिथं उभं करून ऐकवली. मी त्याला काही बोललो नाही. फक्त त्या दिवशी सगळ्या पोरांना मैदानाच्या तीन फेऱ्या जास्त मारायला लावल्या, आणि वर सांगितलं की दमसास वाढतो. त्या पोरांचा काय दोष होता? तुझ्या आज्जीचा होता तेवढाच.

तेव्हा तू येडा असशील तर रांगेत मी तुझ्या पुढं उभा आहे. मात्र आरतीला न उठणं मला पटलं नाही. तीन वाजता झोपलेल्या माणसाला आठला उठवत नाही, हे मान्य. पण तू झोपेपायी राहिला नाहीस, तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून राहिलास. आज्जीचं काय ते बघ. "आज्जी, समई चालू होती, मीच इझलो होतो" एवढं म्हटलंस तरी ती माफ करेल. न मागता वर एक मोदकही देईल.

आता दंडाचं. क्लार्क ओडुर हा तो खेळाडू. त्याची नोंदणी आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत व्हायला हवी होती, ती एक मिनिट उशिरा झाली. क्लबनं ते स्वतःहून कळवलं. लीगनं २० हजार पौंडांचा दंड केला, त्यातला निम्मा तेव्हा स्थगित ठेवला. मॅच काढून घेतली नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं. हा ओडुर ७३व्या मिनिटाला आत आला तेव्हा तुम्ही ०-२ नं मागे होता, तो आल्यावर तुमचे दोन्ही गोल झाले. वर पेनल्टीत त्याचा बॉल तुमच्या गोलकीपरनं, ओनानानंच अडवला. ज्या गड्यानं तुमचं काही बिघडवलं नाही, त्याच्या एका मिनिटावर मॅच मागायची? सरकारी कचेरीत आपलाच कागद एक मिनिट उशिरा गेला तर आपण साहेबाला काय काय बोलतो!

टीम बदलायचं म्हणशील तर बदल, कुणी शपथ घातलेली नाही. २०१२ साली अग्वेरोनं शेवटच्या क्षणी गोल करून तुमचं लीगचं विजेतेपद त्याच्या मँचेस्टर सिटीला दिलं, तेव्हा माझ्याच ओळखीतली दोन-तीन पोरं आठवड्याभरात सिटीची निळी झाली. पण एक विचारतो. मध्यंतराला सव्वा वाजले होते, ०-२ होतं, प्रतिष्ठापनेनंतरची पहिली सकाळची आरती. शहाणा माणूस तेव्हाच झोपला असता. तू मॅग्वायरचा गोल होईपर्यंत आणि त्यानंतरही बसलास. जी टीम उद्या धरशील, तिच्यासाठी चौथ्या डिव्हिजनविरुद्ध पावणेतीनपर्यंत बसशील का? मी तर माझ्या टीमसाठी तीन मिनिटं बसलो नाही.

राहिले अण्णा. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सगळी मॅच चार-पाच ओळींत उरकलीस आणि अण्णांचं हसणं नक्कलेसकट लिहिलंस. एम्बुमोला तू केव्हाच माफ केलंयस. तुला लागलंय ते "तिथं आपलं कोण राहतंय?"

तर त्यांना ग्रिम्सबी कुठं आलं ते नीट सांग. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, हंबर नदी समुद्राला मिळते तिथलं मासेमारीचं बंदर. एके काळी जगातल्या मोठ्या मासळी बंदरांत त्याचं नाव होतं. १९७० च्या दशकात आइसलंडशी समुद्राच्या हद्दीवरून भांडण झालं, लांबच्या पाण्यातली मासेमारी गेली, बोटी उभ्या राहिल्या, घरं बसली. आता तिथले प्रेक्षक मॅचला हॅडॉक माशाचे हवा भरलेले फुगे घेऊन येतात. मासे गेले, फुगे राहिले. त्यांचं ब्लंडेल पार्क हे मैदानसुद्धा ग्रिम्सबीत नाही, शेजारच्या क्लीथॉर्प्सला आहे. सोलापूरच्या ज्या माणसानं गिरणीचा भोंगा ऐकलाय आणि तो बंद झालेलाही पाहिलाय, त्याला हे गाव कुठं आलं ते नकाशाशिवाय कळेल. (खरं सांगू? त्या रात्री मी जागा असतो तर ग्रिम्सबीकडूनच असतो.)

आणि लेझीम. अण्णांना मी ओळखत नाही, पण लेझीमवाले ओळखतो. शाळेत तीस वर्षं लेझीम शिकवलीय. आमच्या गल्लीत एक टेलर होते. एका वर्षी ऐन मिरवणुकीत, भर चौकात त्यांच्या मंडळाचा ताल तुटला. हलगी पुढं गेली, पोरं मागं राहिली, आणि शेजारच्या मंडळानं टाळ्या वाजवल्या. टेलरनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. माझी पँट आत अडकलेली, म्हणून मला पक्कं आठवतंय. त्यांच्या बायकोनं तेव्हा विचारलं होतं, "तुम्ही काय हलगी वाजवत होता का?" ते त्या वर्षी लेझीमही खेळले नव्हते, गुडघा दुखत होता म्हणून दोरीला धरून कडेनं चालत होते.

विसर्जन होऊन गेलंय, अण्णांची लेझीम आता खुंटीला असेल. एखाद्या रविवारी, शेंगाचटणी-भाकरी खाऊन ते निवांत बसले की विचार, "अण्णा, तुमच्या मंडळाचा ताल कधी तुटला होता का?" सांगायला लागले की मध्ये ग्रिम्सबी काढू नकोस.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, शाळेच्या टीममधून फुटबॉल खेळते. तिनं वर्तमानपत्रात १२-११ असा स्कोअर वाचला. पेनल्टी तर पाच-पाच असतात ना? आणि टीममधल्या कुठल्या खेळाडूनं आधी मारायची हे कोण ठरवतं?

— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पहिल्या पाच-पाच. त्यात बरोबरी झाली की मग एकेक. एकानं घातली आणि दुसऱ्याची हुकली की तिथंच निकाल. मैदानावरच्या अकराही जणांची पाळी झाल्याशिवाय कोणालाही दुसऱ्यांदा मारता येत नाही. ग्रिम्सबीच्या मॅचला दोन्ही बाजूंनी तेरा-तेरा झाल्या, म्हणजे एकूण २६. त्या स्पर्धेत ही मॅच बरोबरीत सुटली की जादा वेळ न देता थेट पेनल्टी, त्यामुळे सगळे निदान पायावर उभे तरी होते.

क्रम टीमच ठरवते, आणि तिथंच माणूस कळतो. युनायटेडचा तेव्हा नवा, भरपूर पैसे मोजून आणलेला स्ट्रायकर शेश्को दहावा आला, त्याच्यामागं फक्त गोलकीपर उरला होता. गोल घातला त्यानं, पण दहावा का आला ही चर्चा काही थांबली नाही. तुमच्या मुलीला कितव्या नंबरावर जावंसं वाटतं ते एकदा विचारून बघा. ती गोलकीपर असेल तर तिलाही मारायचा सराव लागेल, हे तिच्या सरांच्या कानावर घाला. आम्ही पीटीचे मास्तर नेमकं तेच विसरतो.