‘ऑफ धिस पॅरिश’ म्हणजे ‘याच गावचा’ का?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या एका घराण्याचा इतिहास मराठीत लिहायचा आहे. चर्चच्या वहीतल्या १७९०च्या लग्ननोंदीत वराच्या नावापुढे ‘ऑफ धिस पॅरिश’ आहे. तिथे ‘याच गावचा’ लिहावं का?

लिहू नये. ‘गाव’ही चुकतं आणि ‘-चा’ही.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला सगळा टापू: गाव, वाड्या, सुटी शेतघरं. रॉबिन हूड्स बे या कोळीवस्तीच्या नावाने त्या काळची नोंदवही शोधाल तर सापडणार नाही, कारण ती वस्ती फायलिंगडेल्स पॅरिशमध्ये येते. स्टेथ्स या दुसऱ्या वस्तीची माणसं अशीच हिंडरवेलच्या वहीत सापडतात. वसईचे ख्रिस्ती लोक ‘धर्मग्राम’ म्हणतात, गोव्यात ‘फिर्गज’. १७९०साठी ‘धर्मग्राम’ छान बसतो. पण १८६६च्या कायद्यानंतर मुलकी पॅरिश वेगळी झाली, १८९४मध्ये तिला कौन्सिल मिळाली, आणि ही कौन्सिल जवळजवळ ग्रामपंचायतच. तिथे ‘धर्मग्राम’ हास्यास्पद होईल. लेखन दोन्ही काळांत फिरणार असेल तर सरळ ‘पॅरिश’च ठेवा.

आता ‘-चा’. ‘रत्नागिरीचा’ म्हटलं की आपण मूळ समजतो. लग्ननोंदीत मात्र फक्त तेव्हाचा राहता पत्ता असतो. १७५४पासून चर्चमधलं लग्न वधू किंवा वर राहत असलेल्या पॅरिशमध्येच लावावं लागे, आणि खास परवाना नसेल तर तीन रविवार जाहीर पुकारा होई. बंदरात काही आठवडे खोली घेऊन राहिलेला खलाशीही मग ‘ऑफ धिस पॅरिश’ ठरे. म्हणून ‘लग्नाच्या वेळी या पॅरिशमध्ये राहणारा’ असं लिहा. लांबट आहे, पण खरं आहे. ‘याच गावचा’ धरून त्याच वहीत बाप्तिस्मा शोधला, की त्याच नावाचा भलताच मुलगा वंशवृक्षात शिरतो.

जन्मस्थळासाठी १८५१ची जनगणना पाहा. तिच्यात जन्माची पॅरिश विचारली होती. १८४१च्या जनगणनेत ‘याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) जन्म का?’ एवढंच आहे. माणूस १८५१च्या आधी गेला असेल तर शेजारच्या पॅरिशींच्या वह्या चाळण्यावाचून इलाज नाही.

दफननोंदीने तर मूळ मुळीच ठरवू नका. १८०८च्या कायद्याने समुद्रातून किनाऱ्यावर आलेलं प्रेत त्या पॅरिशला पुरावं लागे. खर्च नंतर काउंटीकडून मिळे. त्यामुळे किनाऱ्यावरच्या वह्यांत कुठल्या कुठल्या खलाशांच्या, कधी निनावी, नोंदी भेटतात. १८१३पासूनच्या छापील नमुन्यात राहण्याच्या ठिकाणाचा वेगळा रकाना आहे. तो आधी वाचा.