त्याचं उत्तर त्यालाच देऊ द्या

प्रश्न : काकू, आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मुलगा तिसरीत आहे. घरात नुसता दंगा, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. गॅदरिंगला स्टेजवर गेला आणि एक वाक्य न बोलता रडत खाली आला. जाऊबाईंचा मुलगा त्याच्याच वयाचा, फुटबॉल खेळतो, कुणाशीही बोलतो. घरात सगळे त्याचंच उदाहरण देतात. परवा माझाही तोल गेला, ‘तुझ्यात दमच नाही’ असं बोलून बसले. तो जेवला नाही. सासूबाई त्याला मोबाईल लावून भरवतात, तो ताप वेगळाच. व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासला घालू का?

उत्तर : ताई, क्लासचं नंतर बघू. आधी ते वाक्य. आजच त्याला जवळ घ्या आणि सरळ सांगा, “परवा मी रागात बोलले, ते चुकीचं होतं.” एवढंच. “पण तूही जरा...” असं शेपूट जोडू नका. पोराची माफी मागितली की आईचा मान जातो, असं आपल्याकडं अजून मानतात. मला ते मुळीच पटत नाही.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार आश्वासक वाटली. घरात तो दंगा करतो, म्हणजे बोलणं त्याच्यात भरपूर आहे. बाहेर मात्र त्याची बोलायची जागा आपणच मोठी माणसं अडवून बसतो. पाहुण्यांनी विचारलं, “कितवीत रे बाळा?” तर उत्तर कोण देतं? “तिसरीत आहे, जरा लाजतो.” त्याचं उत्तरही आपणच दिलं, वर शिक्काही मारला. रोज कानावर पडलं की मूल ते खरंच धरून चालतं.

रविवारी त्याला खासबागेत भेळ खायला न्या. “तिखट किती?” असं विचारलं की तुम्ही गप्प. मनात दहापर्यंत आकडे मोजा. तो तुमची ओढणी ओढेल, तुमच्या तोंडाकडं बघेल. तुम्ही भेळवाल्याकडं बघत राहा. “कमी” असं नुसतं पुटपुटला तरी पुष्कळ झालं. ऐकू गेलं नाही तर भेळवाला परत विचारेल, विचारू दे. नाहीच बोलला तर न रागावता “आज मी सांगते, पुढच्या वेळी तू” म्हणा आणि विषय सोडा. बोलला, तर घरी येऊन सगळ्यांपुढं त्याचं कौतुक करत बसू नका. लाजऱ्या मुलाला तेही जड जातं. रात्री झोपताना हळूच सांगा, “तू स्वतः सांगितलंस, मला बरं वाटलं.”

कौतुकही जरा जपूनच करावं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या संशोधकांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. ‘तू हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं पुढं अपयश आल्यावर लवकर खचली. ‘तू कष्ट घेतलेस’ असं ऐकलेली चिकाटीनं बसली. म्हणून त्यानं काय केलं ते सांगा. घरातलं एखादं कामही पूर्ण त्याच्या नावावर करा. रात्रीची पानं घेणं, नाहीतर कोपऱ्यावरून दही आणणं. पाणी सांडलं तर फडकं त्याच्याच हातात द्या. त्याच्या पाठीमागून ते काम पुन्हा करायचं नाही, हे मात्र पाळा.

सासूबाई मायेनं भरवतात, तेव्हा त्यांचं मन मोडू नका. हा विषय यजमानांनी आपल्या आईशी काढावा. जेवताना मोबाईल कुणाच्याच हातात नको, यजमानांच्याही नको. आजींनी गोष्ट सांगावी, नातवानं आपल्या हातानं जेवावं. चार घास कमी गेले तर जाऊ देत, भूक लागली की मागेल.

जाऊबाईंच्या मुलाशी तुलना सुरू झाली की त्याच्यादेखत म्हणा, “दोघं वेगळी आहेत.” कोल्हापुरात फुटबॉल नाहीतर तालीम, यावरच पोराची पारख होते, हे मला माहीत आहे. पण त्याला कदाचित सायकल आवडेल, चित्रं आवडतील. विचारा त्याला. खेळ कुठलाही असो, जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं घाम येईल अशी हालचाल सांगते. झोपही ९ ते १२ तास हवी. अपुऱ्या झोपेनं मूल चिडचिडं होतं, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

एक मात्र तपासा. शाळेत तो महिना-महिना कुणाशीच बोलत नसेल, सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखतं म्हणत असेल, तर वर्गशिक्षिकेला एकट्यानं भेटा. कुणी त्रास देतं का, विचारा. गरज वाटली तर बालमानसतज्ज्ञांना दाखवायला लाजू नका. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आणि क्लास? फी आत्ता भरू नका. पुढच्या गॅदरिंगला त्याचं नाव त्याला न विचारता देऊ नका. त्याला पडदा ओढायचं काम हवं असेल तर तेच मिळवून द्या, आणि तुम्ही पुढच्या रांगेत बसा.