दहशतवाद्यांना माफी की क्षमा?

सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या गुड फ्रायडेच्या पत्रिकेत ओळ आहे : 'चर्चमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्यांनाही आम्ही माफ करतो.' त्यावर काहींनी विचारलं, म्हणजे त्यांना सोडून द्यायचं का? इथे 'माफ' हवं की 'क्षमा', असा प्रश्न आला आहे.

'क्षमा' हवं. 'माफ' मूळचा अरबी, आपल्याकडे फारसीतून आला आणि देण्याघेण्याचा, शिक्षेचा शब्द झाला. कर्ज माफ होतं, फी माफ होते, शिक्षा माफ होते. देणं फिटलं, एवढंच त्यात. मन निवळायलाच हवं असं नाही. २६/११च्या खटल्यात मुंबईच्या कोर्टाने डिसेंबर २०१५मध्ये हल्ल्याच्या कटातल्या डेव्हिड हेडलीला माफीचा साक्षीदार केलं. ती साक्षीच्या बदल्यात मिळालेली माफी, क्षमेचा तिथे प्रश्नच नव्हता.

'क्षमा' ही 'क्षम्' म्हणजे सोसणे यातून आलेली. सोसते म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. सोलापुरात हा शब्द जड वाटायचं कारण नाही. कन्नडात 'क्षमिसु', तेलुगूत 'क्षमिंचु' रोजचंच आहे.

दोन्हींतलं अंतर एकाच माणसाच्या बाबतीत दिसतं. १३ मे १९८१ला मेहमत अली अग्जाने पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी पोपनी त्याला क्षमा केल्याचं सांगितलं, १९८३च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन त्याला भेटलेही. अग्जा आतच राहिला. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याची शिक्षा माफ केली ती २००० साली. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात तलवार, म्हणजे शिक्षेचा अधिकार, राज्यकर्त्याच्या हाती आहे, त्यामुळे क्षमा करणाऱ्या ख्रिस्ती माणसाने आरोपीची सुटका मागितलीच पाहिजे असं नाही.

एक अडचण मात्र मानायला हवी. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेत 'ऋण सोडले' असंच आहे, म्हणून ख्रिस्ती कानाला 'माफ' परका नाही. पण वर्तमानपत्र वाचून आलेल्या माणसाला त्यातून सुटकाच ऐकू येते.

व्याकरणही सांभाळा. 'माफ' विशेषण आहे : शिक्षा माफ केली, कर्ज माफ केलं. 'क्षमा' स्त्रीलिंगी नाम, म्हणून 'त्यांना क्षमा केली'. 'त्यांना क्षमा केले' ही चूक फार छापली जाते.

आणि ओळीतलं 'आम्ही' मला खटकतं. घाव ज्याने सोसला त्यानेच 'मी क्षमा केली' म्हणावं. बाकीच्यांसाठी येशूची वधस्तंभावरची रीत आहे, तिथे त्याने क्षमा बापाकडे, म्हणजे देवाकडे मागितली आहे. तेव्हा पत्रिकेत असं घ्या : 'हे बापा, बॉम्ब ठेवणाऱ्यांनाही क्षमा कर.'