अक्कलदाढ काढल्यावर तोंड स्वच्छ कसं ठेवायचं?

काल संध्याकाळी खालची अक्कलदाढ काढली, दोन टाके पडलेत, तोंडाला वास येतोय आणि आई सारखी ‘गुळण्या कर’ म्हणतेय, असं तुम्ही लिहिलंय. आज संध्याकाळपर्यंत गुळणी करू नका. आईंना समजावून सांगा, पण करू नका.

दाढ निघाली की त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. खालचं हाड आणि नसा तिनेच झाकलेल्या असतात. जोरात चूळ भरली, थुंकलं किंवा स्ट्रॉने काही ओढलं की ती निसटते. माझी निसटली होती. तोंडातली रक्ताची चव सहन होईना म्हणून मी त्याच रात्री खळखळून चुळा भरल्या. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत अशी कळ जायला लागली की पंचवटीतून गंगापूर रोडपर्यंत रिक्षात जबडा धरून बसले. डॉक्टर म्हणाल्या, ड्राय सॉकेट झालंय, म्हणजे गुठळी निघून खड्ड्यातलं हाड उघडं पडलंय. त्यांनी खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली, तेव्हा कुठे कळ उतरली. पट्टी बदलायला आणखी दोनदा जावं लागलं.

२४ तास झाले की पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. घोट तोंडात घ्या, मान हळूच त्या बाजूला कलवा, थोडं थांबा आणि बेसिनवर वाकून नुसतं तोंड उघडा. पाणी आपोआप पडू दे. दिवसातून चार-पाच वेळा, आणि खाल्ल्यावर दर वेळी. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल, तर सांगितलं तेवढेच दिवस वापरा. लांबवलं की दातांवर तपकिरी डाग पडतात. बाकीचे दात मऊ ब्रशने घासाच, फक्त टाक्यांपासून लांब राहा. खड्ड्यात पांढरट थर दिसेल. तो बहुतेक वेळा जखम भरतानाचाच असतो, पू समजून खरवडू नका.

घरात कुणीतरी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायला सांगेलच. डॉक्टरांना न विचारता ठेवू नका, उघड्या जखमेला ते तेल भाजतं.

खायला नागलीची पेज (कोमट, गरम नव्हे), दही, केळं, मुगाची आसट खिचडी. भगर मऊ असली तरी तिचे दाणे खड्ड्यात जाऊन बसतात, म्हणून ती सध्या नको. मिसळीवरची शेव आणि चिवडा तर दोन आठवडे नकोच. तंबाखू, सिगारेट अजिबात नाही.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, घाबरू नका. पण तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, गॉझ (जाळीदार कापडाची घडी) अर्धा तास घट्ट चावून धरूनही रक्त थांबलं नाही किंवा ओठ-हनुवटीचा बधिरपणा अजूनही उतरला नसेल, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. रविवार असला तरी करा. मी सकाळ व्हायची वाट बघत एक अख्खी रात्र बसून काढली, तुम्ही तसं करू नका.