निघतानाच गाडी बंद पडते? मेन जेटला हात लावू नका

प्रश्न: माझ्याकडे १९७० ची ब्रिटिश सिंगल सिलेंडर बाईक आहे, कार्बोरेटर अमल कॉन्सेंट्रिक, इग्निशन पॉइंट-कॉइलचं. किक मारली की लगेच चालू होते, न्यूट्रलला छान एकसारखी चालते, पण पहिला गिअर टाकून क्लच सोडत जरा एक्सलेटर दिला की कार्बोरेटरमधून खोकल्यासारखा आवाज येतो आणि गाडी बंद. कशीबशी निघालीच तर पुढे काही तक्रार नाही, मस्त पळते. मेकॅनिकने प्लग बदलला, मेन जेट मोठा टाकला, फरक काहीच नाही. आता काय बघू?

उत्तर: आधी तो जुना मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू) परत बसवून टाका. मेन जेटचं काम थ्रॉटल साधारण पाऊण उघडल्यावर सुरू होतं, आणि निघताना तुम्ही थ्रॉटल फार तर पाव उघडता, म्हणजे तिथे मेन जेटचा संबंधच येत नाही. त्या पहिल्या पाव भागात कारभार असतो पायलट सर्किटचा (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारी बारीक वाट) आणि स्लाइडच्या, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या दट्ट्याच्या, खालच्या तिरक्या कापाचा, ज्याला कटअवे म्हणतात. पाव ते पाऊणमध्ये नीडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली निमुळती सुई. एवढं डोक्यात पक्कं असेल तर अर्ध्याअधिक चुकीच्या खटपटी वाचतात.

कार्बोरेटर उघडायच्या आधी क्लच बघून घ्या, कारण क्लच नीट सुटत नसेल तरी गाडी अशीच बंद पडते आणि लोक उगाच जेट बदलत बसतात. मेन स्टँडवर लावा, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. गिअर पडतानाच इंजिन दबलं किंवा बंद पडलं तर प्लेट चिकटतायत, किंवा प्रेशर प्लेट एका बाजूनेच वाकडी उचलतेय, मग स्प्रिंगचे नट कमीजास्त करून ती सरळ उचलेल असं बघायचं. जुन्या गाडीला रोज चालू करायच्या आधी क्लच दाबून दोनचार किका मारायची सवय ठेवा, प्लेट सुट्या होतात. पण तुमच्या गाडीला खोकला येतोय, आणि कार्बोरेटरमधून उलटा खोकला म्हणजे बहुतेक वेळा मिक्श्चर लीन, पेट्रोल कमी पडतंय.

खात्री करायची असेल तर गाडी नीट गरम करा, मग चोक थोडा लावा आणि निघून बघा. चोक लावल्यावर गाडी न अडखळता निघाली तर लीन आहे हे नक्की, आणि उलट आणखी दबली तर रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. या चाचणीला एक पैसाही लागत नाही, तरी करत कोणीच नाही.

लीन निघालं तर आता पायलट सर्किट, आणि इथे घाई करू नका. कॉन्सेंट्रिकच्या तोंडात टॉर्च मारून स्लाइडच्या खाली बघितलंत तर तळाला जवळजवळ दोन बारीक भोकं दिसतील. इंजिनच्या बाजूचं भोक आयडलिंगचं, आणि दुसरं, जे स्लाइडच्या कडेखाली येतं, ते स्लाइड किंचित उचलली की जास्तीचं पेट्रोल देतं, म्हणजे बरोब्बर गाडी निघायच्या क्षणी. हे दुसरं भोक अर्धवट बुजलेलं असेल तर आयडलिंग अगदी व्यवस्थित आणि निघताना बंद, तुम्ही लिहिलंय अगदी तसंच. बऱ्याच कॉन्सेंट्रिकमध्ये पायलट जेट वेगळा निघतच नाही, एअर स्क्रूच्या भोकात खोल आत ठोकून बसवलेली बारीक बुश असते, तिचं छिद्र ०.०१६ इंच म्हणजे जेमतेम ०.४ मिमी. इथेनॉलवालं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की जो चिकट थर उरतो तो इथेच बसतो, आणि नुसती हवा मारून तो जात नाही, त्यामुळे "कार्बोरेटर साफ केला" असं कोणी सांगितलं तरी ही बुश साफ झालीय असं धरू नका. एअर स्क्रू काढा, गिटारची सगळ्यात पातळ तार सरळ करून त्या भोकातून हळूच बुशमध्ये घाला, फिरवायची पण खरवडायचं नाही, छिद्र मोठं झालं तर ते परत लहान होत नाही. मग क्लीनरची नळी त्याच भोकात घट्ट धरून फवारा मारा, दोन्ही बारीक भोकांतून धार आली पाहिजे (डोळ्याला चष्मा लावा, फवारा हमखास तोंडावर येतो). एका भोकातून नुसते थेंब पडत असतील तर काम संपलेलं नाही.

परत लावताना फ्लँजवर, म्हणजे कार्बोरेटरच्या इंजिनला टेकणाऱ्या चपट्या तोंडावर, पट्टी आडवी धरून बघा. नट फार आवळल्यामुळे कॉन्सेंट्रिकची फ्लँज वाकते, मधून उजेड दिसला की तिथून हवा खेचतेय आणि मिक्श्चर लीन होतंय. सपाट घासून घ्या, ओ-रिंग नवी टाका, नट हलक्या हाताने आवळा. एअर स्क्रू पूर्ण आत नेऊन दीड आटा बाहेर, तिथून गरम इंजिनवर सेटिंग. यात स्क्रू आत नेला की रिच होतं, बाहेर काढला की लीन, कारण तो हवेचा आहे. एवढं सगळं करूनही खोकला राहिलाच तर स्लाइडचा नंबर बघा, आधीच्या मालकाने दुसरीच टाकलेली असू शकते. नंबर लहान तितकं मिक्श्चर रिच, अर्धा नंबर बदलला तरी फरक जाणवतो.

चोकने काहीच फरक पडला नाही तर मात्र पॉइंटकडे वळा, म्हणजे ठिणगीसाठी कॉइलचा करंट तोडणाऱ्या संपर्कांकडे. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, आणि ऑटो अ‍ॅडव्हान्सची वजनं (इंजिनच्या वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ पुढे नेणारी) हाताने उघडून सोडली की स्प्रिंगने चटकन परत आली पाहिजेत. ती गंजून अडकली असतील तर टायमिंग जागेवर राहत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, मग चालवून बघा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

प्रश्न: माझी गाडी थंड असताना नीट निघते, पण अर्धा तास चालवून थांबलो की परत निघताना बंद पडते, थोडा वेळ ठेवली की पुन्हा चालू. कार्बोरेटर दोनदा साफ झालाय.

उत्तर: कार्बोरेटर आता सोडा. बंद पडल्या पडल्या पेट्रोल टाकीचं झाकण उघडा, फुस्स आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी चालू झाली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय, पिन घालून मोकळं करा. तसं नसेल तर कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवर ठिणग्या उडू न देणारा छोटा भाग, बघा. इंजिन गरम असताना पॉइंटचं कव्हर काढून चालू करा, पॉइंटवर जाड पिवळट ठिणग्या उडताना दिसल्या तर कंडेन्सर गेला. नवा टाकताना इंजिनच्या गरमीपासून लांब, टाकीखाली कॉइलजवळ बसवता आला तर उत्तम, आणि पॉइंट जळलेले असतील तर तेही त्याच वेळी बदला.