वाचक विचारतात : पितळखोरा-गौताळ्याचा एक दिवस

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत जालन्याहून गाडीनं गौताळा अभयारण्य आणि पितळखोऱ्याची लेणी बघायला जायचंय. सोबत सात आणि अकरा वर्षांची लेकरं, शिवाय पासष्टीच्या सासूबाई. परतताना वेरूळही उरकावं म्हणतो. जमेल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : वेरूळ सोडा. ते उरकायचं ठिकाण नाही आणि मंगळवारी तिथली लेणी बंदही असतात.

पहाटे पाचला निघा. छत्रपती संभाजीनगरावरून कन्नड गाठायला अडीच-तीन तास धरा. आधी पितळखोरा करा, कारण तिथं पायऱ्यांनी दरीत उतरावं लागतं आणि खरी परीक्षा परत चढताना होते. दुपारी काळा कातळ तव्यासारखा तापतो. बाराच्या आत सगळे वर आले पाहिजेत. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना वरच सावलीत बसवा, पण एकटं ठेवू नका.

पाणी मोठ्याला तीन लिटर, लेकराला दोन. वाटेत भरून घेऊ, या भरवशावर राहू नका. साखर-मिठाचं पाणीही बरोबर असू द्या : उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या. मीठ जास्त पडलं तर लेकराला अपाय होतो.

पायात पट्ट्याची चप्पल नको, खाचांच्या तळव्याचे बूट घाला. पाऊस लांबला असेल तर ओढ्याकाठचा कातळ शेवाळलेला असतो. काळा, चकाकणारा दगड टाळून राखाडी, कोरड्या दगडावर पाय टाका. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा काड्या-पाला वाहून येऊ लागला, तर वर कुठंतरी पाऊस झालाय असं समजा. चपला-डबे राहू द्या, लेकरं उचला आणि काठ सोडा.

लेण्यांत टॉर्च लागते. चौथ्या लेण्याच्या जोत्यावरची हत्तींची रांग लेकरांना नक्की दाखवा. इथंच सापडलेला, कण्हदास सोनारानं घडवलेला हसरा यक्ष मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

वर आल्यावर दशम्या, शेंगदाण्याची चटणी खाऊन गौताळा तलाव गाठा. हे १९८६ साली जाहीर झालेलं अभयारण्य आहे, बिबट्या आणि अस्वलाचं रान. लेकरं झुडपात एकटी सोडू नका आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडा. वानरांना कॅरीबॅगची खुसखुस लांबून कळते, म्हणून खाणं कापडी पिशवीत ठेवा.

प्रश्न : कड्याला आग्या मोहोळ असतं म्हणे. माशा उठल्या तर काय करावं?
— एक वाचक, अंबड

उत्तर : मोहोळ दिसलं तर खाली थांबू नका. धूर, दगडफेक, आरडाओरडा नको, भडक अत्तरही नको. माशा उठल्याच तर तोंड ओढणीनं झाका आणि सरळ गाडीकडे पळा, हात झाडत एका जागी उभे राहू नका. पाण्यात उडी घेऊन सुटका होत नाही, माशा वर घिरट्या घालत राहतात. काटा कातडीत राहतो, त्याची पिशवी विष सोडत असते. नखानं किंवा कार्डाच्या कडेनं लगेच खरवडून काढा. पण काट्याच्या वासानं बाकीच्या माशा चवताळतात, म्हणून आधी लांब जा, मग काटे काढा. ओठ सुजले, धाप लागली किंवा लेकराला बरेच डंख बसले असतील तर १०८ लावा. दरीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून एक मोठं माणूस वर गाडीपाशी असलेलं बरं.