वारसा कराची भीती आणि घाईचे बक्षीसपत्र

मे २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, ७१ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हातातल्या निळ्या फोल्डरमध्ये खरेदीखत, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) आणि केवळ सहीसाठी थांबलेले बक्षीसपत्र होते. "ताई, माझ्या माघारी घराचा ५५ टक्के हिस्सा सरकार घेणार म्हणे. त्यापेक्षा आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकलेलं बरं," असे म्हणताना त्या फोल्डरचे बटण सारखे उघडत आणि लावत होत्या.

हा आकडा एप्रिलमध्ये काँग्रेस नेते सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा जो दाखला दिला त्यातला होता. काँग्रेसने ते पक्षाचे मत नसल्याचे स्पष्ट केले, तरी तोवर तो घरोघरच्या मोबाइलवर पोहोचला होता. मी काकूंना सांगितले, की आज भारतात असा कर नाही. १९५३ मध्ये लागू झालेला मृत्युकर पुढे २० लाखांवरील संपत्तीला ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता, पण त्यातून वर्षाला जेमतेम २० कोटी रुपये मिळतात आणि वसुलीचा खर्च त्या मानाने जास्त आहे, असे सांगून अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो १९८५ मध्ये रद्द केला. अमेरिकेतही २०२४ मध्ये केंद्रीय कर सुमारे १ कोटी ३६ लाख डॉलरच्या वरच्या संपत्तीलाच, कमाल ४० टक्के दराने, लागत होता.

यावर त्यांनी विचारले, "मग असा कर आणणं वाईटच का?" मला तसे वाटत नाही. ज्यांनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आणि ज्यांच्या यजमानांवर सरकारी रुग्णालयात उपचार झाले, त्यांना हा पैसा कुठून येतो हे मी वेगळे सांगायला नको होते. प्रचंड मोठ्या वारशातून त्यातला काही भाग यावा हे मला न्याय्य वाटते, मात्र मर्यादा इतकी वर हवी की दोन खोल्यांच्या घराला कराची झळ लागू नये, आणि पळवाटा बुजवलेल्या हव्यात, नाहीतर १९८५ चाच अनुभव पुन्हा येईल.

त्या शांत झाल्या, पण बटणाचा चाळा थांबला नाही. म्हणून मी विचारले, "काकू, सहीची घाई नक्की कोणाला आहे?" बराच वेळ त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मग हळूहळू कळले, की मुलाला व्यवसायासाठी घर तारण ठेवायचे होते, कराची बातमी त्यानेच दाखवली होती आणि लेकीला यातले काहीच ठाऊक नव्हते. अशी माणसे माझ्याकडे पुष्कळ येतात, कराचे भय बोलून दाखवता येते, पण "सही केल्यावर मला या घरात कोण ठेवील?" हे पोटच्या पोराबद्दल बोलणे फार जड जाते.

बक्षीसपत्र नोंदवले की मालकी लगेच जाते. सांभाळाची अट त्यात लिहिलेली असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते, पण आईने त्या वयात न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढाव्यात असे कोणाला वाटेल? मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही बदलता येते आणि त्याला मुद्रांक शुल्कही लागत नाही.

पुढच्या भेटीला दोन्ही मुले आली. मुलगा आधी चिडला, मग कर्जाचा खरा आकडा त्याने पहिल्यांदाच सांगितला. जूनमध्ये काकूंनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केले आणि बक्षीसपत्राचा मसुदा माझ्या टेबलावरच फाडला.